शाळा अंगणांत आली तेव्हां

मूल शाळेंत घातलें कीं आईबापांचें काम संपलें, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. पंतोजींच्या गांवठी शाळांतून हाच रिवाज होता. चांगला दिवस पाहून बाप मुलाला पंतोजींच्या हवालीं करी, पाटीपूजन होई, शिधा पोहोंचे. पुढें मुलाचें बरेंवाईट पंतोजींनीं पाहावें. धूळपाटीवर अक्षरें गिरवीत, पावकी-निमकी एका सुरांत घोकीत मूल वाढे. त्या पद्धतींत गुण नव्हते असें नाहीं. तोंडीं हिशेबांत तरबेज अशा माणसांच्या पिढ्या तिनें दिल्या. परंतु तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तींत जागा नव्हती. तें वय खेळण्याचें, म्हणजे फुकट जाण्याचें, असाच सर्वांचा ग्रह होता. हा ग्रह पालटण्यास आरंभ झाला तो विसाव्या शतकांत. आणि तो पालटतांना शिक्षकांना मुलाच्या आधीं त्याच्या आईबापांचा विचार करावा लागला.

६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहराच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींतील एका चाळींत डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं आपलें पहिलें ‘बालगृह’ उघडलें. त्याचें निमित्त अगदीं साधें होतें. आईबाप मजुरीस जात. पाठीमागें मुलें जिन्यांतून हुंदडत आणि भिंती खराब करीत. तेव्हां त्यांना एका खोलींत सांभाळावें, एवढाच चाळमालकांचा हेतु होता. माँटेसोरीबाईंनीं त्या खोलीचें रूपच पालटलें. मुलांनीं आपलीं बटणें आपण लावावीं, लहानमोठे दट्टे आपापल्या भोकांत बसवावे, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवावें. ही शेवटची रीत आपल्या धूळपाटीची आठवण करून देणारी आहे. फरक एवढाच कीं येथें मूल अक्षराकडे आपल्या ओढीनें जाई, छडीच्या धाकानें नव्हे.

शाळा राहत्या चाळींतच असल्यामुळें आईला येतांजातां आपलें मूल दिसे. पण त्याबरोबर आईबापांवर कांहीं बंधनेंहि होतीं. मूल ठरल्या वेळीं, स्वच्छ अंगानें व स्वच्छ कपड्यांत पाठविलें पाहिजे. आणि आईनें आठवड्यांतून निदान एकदां शिक्षिकेची भेट घेऊन मूल घरीं कसें वागतें तें सांगितलें पाहिजे. मुलाला अस्वच्छ पाठविणाऱ्या घरचें मूल काढून टाकण्याची तरतूद नियमांत होती. शाळेला फी नव्हती. ही बंधनें हीच तिची फी.

हा विचार पश्चिम हिंदुस्थानांत रुजविला तो एका वकिलानें. गिजुभाई बधेका हे काठेवाडांत वकिली करीत. १९१३ सालीं त्यांना मुलगा झाला आणि त्याच्या शिक्षणाचा विचार करतां करतां ते माँटेसोरीबाईंच्या ग्रंथांकडे वळले. पुढें १९१६ सालीं ते भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गेले आणि १९२० सालीं तेथें त्यांनीं बालमंदिर काढलें. मुलें त्यांना इतकीं बिलगत कीं लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, म्हणूं लागले. परंतु सकाळीं बालमंदिरांत निर्भय असणारें मूल सायंकाळीं घरीं धपाटा खात असेल, बागुलबोवाला भीत असेल, तर शिक्षकाची मेहनत पाण्यांत जाते, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून मुलांसाठीं गोष्टी लिहिणाऱ्या या माणसानें आईबापांसाठींहि पुस्तकें लिहिलीं. त्यांतील एकाच्या नांवाचा अर्थच ‘आईबाप होणें कठीण आहे’ असा आहे.

१९२३ सालीं भावनगरास त्यांच्या कार्यांत एक महाराष्ट्रीय बाई सामील झाल्या. त्या ताराबाई मोडक. १९१४ सालच्या पदवीधर, राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयांत अधिकाराच्या जागीं राहिलेल्या, आणि संसार मोडल्यावर एका मुलीसह स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या अशा या बाई होत्या. गिजुभाईंसह त्यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापण्यांत भाग घेतला. पुढें ‘शिक्षणपत्रिका’ मराठींत चालविली आणि १९३६ सालीं मुंबईंत दादर येथें शिशुविहार उभा केला. बालशिक्षणाचा विचार मराठी मध्यमवर्गीय घरांत पोहोंचला तो मुख्यतः त्यांच्यामुळें.

तथापि ताराबाईंच्या मनाला एक टोंचणी होती. माँटेसोरीचें साहित्य महाग. तें विकत घेणारीं घरें शहरांतलीं, सुखवस्तु. ज्या शाळेचा जन्म मजुरांच्या चाळींत झाला, ती येथें येऊन सधनांची होऊन बसली होती. म्हणून वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ च्या अखेरीस, त्यांनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील, समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. त्यांच्या मदतीस आल्या अनुताई वाघ. बालपणींच लग्न आणि कांहीं महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताईंनीं शिक्षिकेची नोकरी करीत, रात्रीच्या शाळेंत जाऊन १९३७ सालीं मॅट्रिकची परीक्षा दिली होती.

बोर्डीस केंद्र निघालें. परंतु ज्यांच्यासाठीं तें होतें, तीं दलित व वारली वस्त्यांवरचीं मुलें येईनात. येथें आईबापांना दोष देणें सोपें होतें. पण त्या परिसरांतील वारली त्या काळीं वेठबिगारीखालीं पिचत होते. १९४५ सालींच गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढाकारानें त्यांनीं त्या वेठीविरुद्ध मोठा लढा उभारला. भल्या पहाटे मजुरीस जाणारी आई मुलाला न्हाऊं-माखूं घालून गांवांतल्या शाळेंत केव्हां पोहोंचविणार? आणि ज्या गांवांत तिला हक्कानें बसावयास जागा नाहीं, तेथील शाळा तिला आपली कशी वाटणार?

तेव्हां दोघी बाईंनीं शाळाच उचलून वस्तींत नेली. एखाद्या झोंपडीपुढचें अंगण झाडून घ्यावें, मुलें गोळा करावीं, त्यांना आंघोळ घालावी, केंस विंचरावे, नखें कापावीं, आणि मग गाणीं, गोष्टी व खेळ सुरू करावे. ही अंगणांतली शाळा, म्हणून तिचें नांव अंगणवाडी. महागड्या साहित्याची जागा शंखशिंपले, चिंचोके, खडे, पानें, फुलें यांनीं घेतली. चिंचोक्यांचे ढीग करतां करतां मूल मोजूं लागतें. पानें आकारानें लावतां लावतां लहानमोठें जाणूं लागतें. बोटांना वळण मिळालें कीं पुढें लेखणी आपोआप सरळ चालते. हें सारें घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत होई. म्हणून अंगणवाडी ही मुलाची जशी शाळा, तशी घराचीहि शाळा होती.

पुढें १९५७ च्या सुमारास हें कार्य डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें अडचण निराळी होती. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडे आणि मुलगे गुरांमागें जात. त्यांना शाळेंत आणण्यासाठीं पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणीं जोडल्या, तीच विकासवाडी. गुरें सोडून येतां न येणाऱ्या मुलांसाठीं चराऊ रानांतच कुरणशाळा भरविल्या. ताराबाई १९७३ सालीं निवर्तल्या; अनुताईंनीं तें काम आणखी जवळजवळ दोन दशकें, १९९२ सालच्या आपल्या निधनापर्यंत, वाहिलें.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें देशांतील ३३ विभागांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव मिळालें. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, गरज पडल्यास पुढील उपचारांसाठीं पाठविणें, शाळापूर्व शिक्षण, आणि मातांना आहार व आरोग्याचें शिक्षण अशा सहा सेवा तींत गोंवल्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन ते आठ हीं वर्षें शिक्षणाचा पाया मानलीं. एकेकाळीं फुकट मानलेलें वय आतां राज्याच्या कागदोपत्रीं अत्यंत मोलाचें ठरलें आहे.

तरीहि जुनी समजूत पुरती गेलेली नाहीं. तिनें वेष मात्र बदलला आहे. गरीब घरीं कित्येकदां अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळण्याची जागा एवढेंच समजतात. सुखवस्तु घरीं मोठी फी भरून मूल फाटकाशीं सोडतात आणि तीन वर्षांच्या बाळानें वहीचीं पानें किती भरलीं हें पाहतात. दोन्हीं घरीं मूल हवालीं केलें जातें; पंतोजींच्या काळीं केलें जाई तसेंच. ज्या बोटांना अजून भाताचा घांस नीट उचलतां येत नाहीं, त्यांच्याकडून अक्षरें घटवून घेतल्यानें अक्षराविषयीं कंटाळाच उपजतो.

आईबापांकडून या वयाला हवें असतें तें थोडें आणि बिनखर्चाचें आहे. मुलाशीं घरच्या भाषेंत पुष्कळ बोलावें. त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावें. निजतांना एक गोष्ट सांगावी. तांदूळ निवडतांना, शेंगा सोलतांना त्याला जवळ बसूं द्यावें आणि त्यानें सांडलें तर सोसावें. सदऱ्याचीं बटणें त्याला लावूं द्यावीं, उशीर झाला तरी. पहिल्या दिवशीं त्याची नजर चुकवून शाळेंतून निघून जाऊं नये. सांगून जावें व सांगितल्या वेळीं परत यावें, म्हणजे शाळेवरचा त्याचा विश्वास बसतो. आणि आठवड्यांतून एकदां बाईंना भेटून मूल घरीं काय करतें तें सांगावें. हें काम आईचेंच, असें बापानेंहि मानूं नये. मजुरी करणाऱ्या घरीं एवढीहि सवड नसेल, तर शाळेनेंच त्या घराचा उंबरठा गांठावा. ताराबाई व अनुताई मुलांना न्हाऊं घालण्यासाठीं वस्तींत गेल्या होत्या, ‘मूल कां पाठवीत नाहीं’ असें विचारण्यासाठीं नव्हे.