ऊर्जाविकास, धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील

महाराष्ट्र राज्याच्या आग्नेय भागातील धाराशिव जिल्ह्यात स्नायुबळ व सरपण यांवर चालणाऱ्या ऊर्जाव्यवहाराकडून कोळसा, तेल, वीज, ऊस, वारा व सूर्यप्रकाश यांवरील व्यवहाराकडे झालेल्या संक्रमणाचा हा इतिहास होय. या जिल्ह्याचे पूर्वीचे नाव उस्मानाबाद असून २०२३ मध्ये शहर व जिल्हा या दोहोंस धाराशिव हे नाव अधिकृतपणे मिळाले. जिल्ह्यात मोठे औष्णिक वा जलविद्युत् केंद्र नाही. तथापि पर्जन्यछायेतील कृषिप्रधान प्रदेशात ऊर्जा कशी येते, ती कशी मोजली जाते व मोजमापातील गृहीतके चुकल्यास भार कोणावर पडतो, हे समजण्यासाठी येथील अनुभव उद्‌बोधक आहे. या इतिहासाचे मुख्य सूत्र असे की, येथे ऊर्जेचा प्रश्न हा आरंभापासून पाण्याचा प्रश्न राहिला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी : जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटच्या पठारावर वसला असून मांजरा, तेरणा, सीना व बोरी या येथील प्रमुख नद्या होत. पाऊस अनिश्चित आणि खालचा खडक काळा पाषाण असल्याने भूजल खडकाच्या भेगांत व झिजलेल्या थरांतच साठते. नदीच्या प्रवाहातून बारमाही शक्ती मिळणे येथे शक्य नव्हते. मराठवाड्यात औरंगाबादची पाणचक्की अठराव्या शतकात वाहत्या पाण्यावर जाते फिरवीत होती. परंतु तिला दूरवरच्या झऱ्याचे पाणी नळाने आणून पुरविले जाई. धाराशिवच्या शेतीला मोट ओढणारे बैल, गावाला तेलघाणा व लोहाराचा भाता, आणि चुलीला काटक्या, तुराट्या व गोवऱ्या हाच दीर्घकाळ आधार होता. बैलाचा चारा हेही एक इंधनच. त्यामुळे दुष्काळात पिकाबरोबर शक्तीचे साधनही नाहीसे होई.

यांत्रिक ऊर्जेचे आगमन : जिल्ह्यात यंत्रशक्तीचा पहिला ठळक ठसा उमटला तो बार्शी लाइट रेल्वेमुळे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने आखलेला हा ७६२ मिमी. रुंदीचा अरुंदमापी लोहमार्ग १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाला व १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. येडशी व ढोकी ही गावे या मार्गावर आली. कोळशावर चालणाऱ्या या गाडीने धान्य, कापूस व गळिताची धान्ये बाहेर नेण्याची सोय केली. त्यानंतर तेलावर चालणारी इंजिने पिठाच्या गिरण्यांत, तेलघाण्यांत आणि हळूहळू विहिरींवर आली. हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानातील वीज मुख्यतः राजधानी व काही मोजक्या शहरांपुरती मर्यादित होती. याच काळात मुंबई इलाख्यात टाटांची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही जलविद्युत् केंद्रे मुंबईच्या गिरण्या चालवू लागली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. हा प्रदेश राज्यात आला तेव्हा विजेच्या बाबतीत तो पश्चिम महाराष्ट्राच्या बराच मागे होता.

राज्य विद्युत् मंडळाचा कालखंड : महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली. १९६२ पासून कोयना प्रकल्पाची वीज राज्यात वाहू लागली. मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाची घटना म्हणजे शेजारच्या बीड जिल्ह्यात परळी येथे उभारलेले औष्णिक केंद्र होय. तेथील ३० मे.वॉ.चे पहिले दोन संच १९७१ व १९७२ मध्ये आणि २१० मे.वॉ.चे तीन संच १९८० ते १९८७ या काळात कार्यान्वित झाले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण निगमाने खेड्यांच्या जोडणीसाठी कर्जपुरवठा केला. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर विहिरी खोदण्यास व त्यांवर विजेचे पंप बसविण्यास चालना मिळाली आणि मोट मागे पडली.

या काळातील आकडे वाचताना व्याख्यांकडे लक्ष देणे आवश्यक आहे. १९९७ पर्यंतच्या प्रचलित व्याख्येनुसार गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असल्यास ते गाव विद्युतीकृत गणले जाई. शिवारातील एक पंप चालू झाला तरी गावठाणातील सर्व घरे अंधारात असताना गाव यादीत चढे. २००४ च्या व्याख्येने किमान १० टक्के घरांना जोडणी आणि शाळा, आरोग्यकेंद्र यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज ही अट घातली. तरीही उरलेल्या नव्वद टक्के घरांचा प्रश्न राहिलाच. प्रत्येक घर हे एकक धरणारी ‘सौभाग्य’ योजना २०१७ मध्ये आली.

कृषिपंप आणि मोजमापाचा प्रश्न : सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यात कृषिपंपांसाठी मीटरऐवजी अश्वशक्तीवर आधारित ठोक दर रूढ झाला. विखुरलेल्या पंपांचे मीटर वाचण्याचा खर्च वाचला. पण पंपाने प्रत्यक्ष किती वीज घेतली, हे कळण्याचा मार्गही बंद झाला. तेव्हापासून हा वापर अंदाजाने ठरू लागला. त्याची रीत साधी आहे : पंपाची अश्वशक्ती गुणिले ०·७४६ गुणिले वर्षातील चालण्याचे तास. पाच अश्वशक्तीचा पंप वर्षाला १,००० तास चालतो असे धरल्यास त्याचा वापर ३,७३० युनिट होतो. १,५०० तास धरल्यास ५,५९५ युनिट. म्हणजे केवळ गृहीतक बदलल्याने एका पंपामागे १,८६५ युनिटांचा फरक पडतो. असे एक लाख पंप धरले, तर हा फरक १८·६५ कोटी युनिटांचा होईल. ही वीज शेतकऱ्याच्या नावे मांडली, की तेवढ्याने वीजगळती कमी दिसते.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात हे गृहीतक विशेष फसवे ठरते. माघ-फाल्गुनात विहिरी आटल्या, की पंप जागेवर असला तरी उपसण्यास पाणी नसते. शिवाय शेतीला तीन फेज वीज दिवसातून सुमारे आठ ते दहा तास, आणि तीही पाळीपाळीने रात्री मिळत असे. दुसऱ्या बाजूस, पाण्याची पातळी खोल जाते तसा प्रत्येक घनमीटर पाण्यामागे लागणारा वीजखर्च वाढतो. १,००० घ.मी. पाणी २० मी. उंच उचलण्यास तत्त्वतः सु. ५४·५ युनिट लागतात, १०० मी. उंच उचलण्यास सु. २७२·५. पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरल्यास हेच आकडे अनुक्रमे सु. १३६ व ६८१ होतात. विहिरीकडून खोल विंधन विहिरीकडे जाणारा शेतकरी तेवढ्याच पाण्यासाठी पाचपट वीज वापरतो, हे अश्वशक्तीच्या दरपत्रकात कोठेही दिसत नाही.

विश्लेषणाच्या साधनांचा विकास : १९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर ऊर्जेच्या नियोजनाला शास्त्राचे रूप आले. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी भारतात इंधन धोरण समितीचा अहवाल आला. तोवर नियोजनाचा मुख्य आधार मागणीचा पूर्वअंदाज हा होता. गतकाळातील वाढीची रेषा पुढे वाढवावयाची व तेवढी केंद्रे बांधावयाची, अशी ही पद्धत होती. अमूल्य रेड्डी यांनी बंगलोर येथे तिच्यावर आक्षेप घेऊन ऊर्जेच्या राशीऐवजी ऊर्जेपासून मिळणारी सेवा म्हणजे प्रकाश, पाणी, उष्णता मोजण्याचा आग्रह धरला. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेचे गिरीश संत व त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात दाभोळ प्रकल्पाच्या वीजखरेदी कराराचे विश्लेषण करून त्याच्या आर्थिक परिणामांकडे लक्ष वेधले. दाभोळची वीज मे १९९९ मध्ये सुरू झाली व २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. अतिरंजित मागणी व महागडा करार यांची किंमत अखेर ग्राहकाला मोजावी लागते, हा त्याचा धडा होय.

१९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोग स्थापन झाला. त्याच्यापुढील जाहीर सुनावण्यांत कृषिवापराचे अंदाज प्रथमच उघडपणे तपासले गेले आणि मंडळ सांगत आले होते त्याहून वीजगळती बरीच अधिक असल्याचे स्पष्ट झाले. शेतीच्या नावे दाखविलेल्या विजेचा काही भाग शेतात पोहोचलाच नव्हता. विद्युत् अधिनियम २००३ नुसार ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. त्यानंतर गावठाण व शेती यांचे फीडर वेगळे करणे, फीडरवर मीटर बसविणे व रोहित्रनिहाय ऊर्जालेखा ठेवणे ही साधने वापरात आली. एप्रिल २०२४ पासून राज्य शासनाने ७·५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षे मोफत वीज देण्याची योजना सुरू केली. शेतकऱ्यास बिल भरावे लागत नसले, तरी शासनाच्या तिजोरीतून द्यावयाची रक्कम वापराच्या आकड्यावरच ठरते. म्हणून मोजमापाचे महत्त्व या योजनेने वाढले आहे.

पाणी, कोळसा आणि ऊस : औष्णिक केंद्राला कोळशाइतकेच पाणी लागते. फेब्रुवारी २०१३ मध्ये १,१३० मे.वॉ. क्षमतेचे परळी केंद्र पाण्याअभावी बंद करावे लागले आणि २०१५ मध्ये तीच वेळ पुन्हा आली. कागदावरची क्षमता व प्रत्यक्ष निर्मिती यांतील अंतर संयंत्र भारांकाने मोजतात. परंतु अवर्षणाची शक्यता त्या आकड्यात आधी धरलेली नसते.

जिल्ह्यातील दुसरा ऊर्जास्रोत साखर कारखान्यांचा आहे. ढोकी येथील तेरणा सहकारी कारखान्यापासून ऊस हे येथील नगदी पीक झाले. उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघतो. तो बाष्पित्रात जाळून कारखान्याची गरज भागवता येते व उच्च दाबाच्या बाष्पित्रामुळे उरलेली वीज जाळ्यास विकता येते. कळंब तालुक्यातील रांजणी येथील नॅचरल शुगर हा सहवीजनिर्मितीचा व उपपदार्थांचा एक लक्षणीय प्रयोग होय. मात्र ऊस हे अत्यंत तहानलेले पीक आहे. त्याला पाणी देणारे पंप जी वीज घेतात, ती वजा केल्याशिवाय बगॅसच्या विजेचा खरा ताळेबंद पुरा होत नाही.

वारा आणि सूर्य : वाफेसाठी पाणी न मागणारे स्रोत ही या जिल्ह्याच्या ऊर्जेतिहासातील सर्वांत नवी अवस्था आहे. बालाघाटचे उघडे पठार व भरपूर ऊन यांमुळे अलीकडच्या वर्षांत भूम, वाशी, कळंब, तुळजापूर या भागांत पवनचक्क्या उभ्या राहिल्या. येथील १,००० मे.वॉ. नवीकरणीय वीज बाहेर नेण्यासाठी कळंब परिसरात ४००/२२० किलोव्होल्टचे उपकेंद्र योजण्यात येऊन ते परळी-पुणे या उच्चदाब वाहिनीस जोडण्यात आले. महानिर्मिती कंपनीने कौडगाव येथे ५० मे.वॉ.चा सौर प्रकल्प हाती घेतला. अशा प्रकल्पाचा क्षमता-वापर २० टक्के धरल्यास वर्षाला सु. ८·७६ कोटी युनिट वीज मिळते. तेवढ्याच क्षमतेच्या औष्णिक केंद्राशी तुलना करताना हा भेद विसरता कामा नये.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने (२०१७, दुसरा टप्पा २०२३) शेतीच्या फीडरला जवळच्या सौर केंद्रातून दिवसा वीज देण्याचे उद्दिष्ट ठेवले. रात्रीच्या पाळीतून सुटका हा शेतकऱ्याचा मोठाच लाभ होय. परंतु सौरपंप एकदा बसला, की पुढील प्रत्येक युनिट विनामूल्य असते आणि उपशाला केवळ पाण्याचाच आवर उरतो. पवनचक्क्यांसाठी घेतलेल्या जमिनींचा व वाहिन्यांखालील शेतांचा मोबदला हाही येथे वादाचा विषय झाला आहे.

व्यवसाय व प्रशिक्षण : मंडळाच्या काळात ऊर्जाक्षेत्रातील नोकरी म्हणजे वायरमन, लाइनमन, मीटर वाचक, उपकेंद्र चालक व शाखा अभियंता. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विजतंत्री अभ्यासक्रम हा ग्रामीण तरुणांचा या क्षेत्रातील मुख्य प्रवेशमार्ग ठरला. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ नंतर प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक हा नवा व्यवसाय निर्माण झाला. सौर संच उभारणी व देखभाल, पवनचक्क्यांची निगा, वाऱ्याचा व सौर निर्मितीचा पूर्वअंदाज आणि वीजदर विश्लेषण ही आजची कामे होत. यांपैकी पहिली दोन जिल्ह्यातच करावी लागतात. पूर्वअंदाज व दर यांची कामे मात्र बहुधा महानगरांतील कार्यालयांत होतात. वीज जेथे निर्माण होते तेथील तरुणाच्या हाती पाना येतो आणि आकडा दुसरीकडे राहतो, ही विषमता लक्षात घेण्याजोगी आहे. ती कमी व्हावयाची, तर भूजल, पीक व वीज यांचा एकत्रित हिशेब मांडणारे प्रशिक्षण जिल्ह्यातच उपलब्ध व्हावयास हवे.

मूल्यमापन : सुमारे शंभर वर्षांत धाराशिव जिल्हा बैलाच्या मोटेपासून सौरपंपापर्यंत आला. प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा वाढली, पण अवर्षणाच्या वर्षी मोट, विजेचा पंप, औष्णिक केंद्र व साखर कारखाना हे सर्व एकाच कारणाने थांबले. वारा व ऊन यांनी वीजनिर्मितीपुरती ही साखळी तोडली आहे; विजेच्या वापराच्या बाजूस ती अद्याप तशीच आहे. म्हणून या जिल्ह्यातील ऊर्जेचा विश्वासार्ह ताळेबंद म्हणजे ज्यात युनिटांच्या रकान्याशेजारी विहिरीच्या पाणीपातळीचा रकाना असेल असा ताळेबंद होय.