चाकांवरचे बिऱ्हाड : अमेरिकेतील अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांचा हिशेब

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. अमेरिकेत ती शब्दशः जगणारा एक मोठा वर्ग आहे. ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ अर्थात आरव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, स्वयंपाकाचा ओटा, बिछाना आणि शौचालय सामावून घेणाऱ्या गाडीत हे लोक बारा महिने राहतात. हौसेने भ्रमंती करणारे सधन निवृत्त त्यांत आहेत, तसेच घरभाडे परवडेनासे झाल्यामुळे साठीनंतर गाडीत राहायला आलेलेही आहेत. २००८ च्या आर्थिक संकटात अनेकांची घरे आणि शिल्लक गेली, तेव्हा या दुसऱ्या वर्गाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. पत्रकार जेसिका ब्रुडर यांचे ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर क्लोई झाओ यांनी केलेल्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. लिंडा मे, स्वांकी आणि बॉब वेल्स या खऱ्याखुऱ्या भटक्यांनी त्यात स्वतःच्याच भूमिका केल्या होत्या.

चित्रपटातील वाळवंटाचे सौंदर्य बाजूला ठेवले तर मूळ प्रश्न व्यवहाराचा आहे. महिन्याकाठी हजार-दीड हजार डॉलर मिळणाऱ्या माणसाला असे राहणे खरोखर परवडते का? परवडते, मात्र त्याच्या अटी कडक आहेत, आणि त्यांतील पहिली अट अशी की चाकांवरचे घर शक्य तितके कमी हलवावे.

उत्पन्नाचा पाया

बहुतेकांचा मुख्य आधार म्हणजे सोशल सिक्युरिटी, म्हणजेच १९३५ च्या कायद्याने सुरू झालेले सरकारी निवृत्तिवेतन. निवृत्त कामगाराला मिळणारी सरासरी रक्कम जानेवारी २०२५ मध्ये महिना सुमारे १,९७६ डॉलर होती. ही रक्कम सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवरून ठरते. जितकी वर्षे कमी भरतील तितकी शून्ये त्या हिशेबात धरली जातात. मुले वाढवण्यासाठी किंवा आजारी आईवडिलांच्या सेवेसाठी नोकरी सोडलेल्या स्त्रियांचे निवृत्तिवेतन त्यामुळे बरेच कमी भरते. गाडीत एकट्याने राहणाऱ्या वृद्धांमध्ये अशा स्त्रिया ठळकपणे दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

निवृत्तिवेतन केव्हा सुरू करावे, हा निर्णय जन्माचा ठरतो. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण रक्कम ६७ व्या वर्षी मिळते. ६२ व्या वर्षी घेतल्यास ती ३० टक्क्यांनी घटते, तर ७० पर्यंत थांबल्यास २४ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ६७ व्या वर्षी २,००० डॉलर मिळणार असतील, तर ६२ व्या वर्षी १,४०० आणि ७० व्या वर्षी २,४८०. घरभाड्याच्या दडपणाखाली अनेकजण ६२ व्या वर्षीच अर्ज करतात आणि ती कपात आयुष्यभर सोसतात. उलट, भाडे वाचवून निवृत्तिवेतन दोन-तीन वर्षे पुढे ढकलता आले, तर गाडीत राहण्याचा खरा आर्थिक लाभ पदरात पडतो.

गाडी : घर आणि जोखीम

आरव्हीचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात : स्वतःचे इंजिन असलेले मोटारहोम, आणि दुसऱ्या वाहनाने ओढायचा ट्रेलर. मोठ्या मोटारहोममध्ये जागा भरपूर मिळते, पण पेट्रोलवर चालणारी अशी गाडी लिटरला तीन-साडेतीन किलोमीटरच जाते. शिवाय इंजिन बिघडले की घरच गॅरेजमध्ये जाऊन पडते आणि मालकाला रात्रीचा निवारा शोधावा लागतो. ट्रेलर असेल तर ओढणारी गाडी दुरुस्तीला गेली तरी डोक्यावरचे छप्पर राहते. तिसरा, सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे साध्या व्हॅनमध्ये बिछाना, शेगडी आणि पाण्याचे डबे मांडून केलेले घर. त्यात फिरणे सोपे असते. राहणे मात्र अडचणीचे, विशेषतः गुडघे दुखू लागल्यावर.

अल्प उत्पन्नाच्या माणसाने आरव्ही कर्जाने घेऊ नये, हा या क्षेत्रातील जाणत्यांचा एकमुखी सल्ला असतो. घराची किंमत वाढण्याची आशा तरी असते. आरव्हीची किंमत वर्षागणिक उतरतच जाते. हप्ते संपेपर्यंत गाडी जुनी झालेली असते आणि अनेक खासगी आरव्ही पार्क दहा वर्षांहून जुन्या गाडीला प्रवेशच देत नाहीत. जुनी गाडी घेताना इंजिनाइतकेच छपराकडे लक्ष द्यावे लागते. छपरातून झिरपलेले पाणी भिंतींतील लाकूड आतून कुजवते आणि ती दुरुस्ती कित्येकदा गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडते. टायर झिजलेले नसले तरी वयाने निकामी होतात, हेही विसरून चालत नाही.

जागा : खरी बचत येथे

घरभाडे वाचते ते गाडीमुळे नव्हे, तर ती उभी करायला स्वस्त जागा मिळते म्हणून. पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी देणाऱ्या खासगी पार्कात महिन्याला सहाशे-सातशे डॉलर सहज जातात. मग भाड्याची खोली सोडून काय साधले, असा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे उत्तर पश्चिम अमेरिकेतील सरकारी जमिनीत आहे. ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या केंद्रीय खात्याकडे सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमीन आहे. तिच्या बऱ्याच भागात कोणतीही सोय नसलेल्या मोकळ्या जागी विनामूल्य मुक्काम करता येतो. बहुतेक ठिकाणी २८ दिवसांच्या काळात १४ दिवसांची मर्यादा असते. ती संपली की सहसा किमान २५ मैल दूर जावे लागते. राष्ट्रीय वनांतही अशी सवलत आहे, पण तेथे कायमचे वास्तव्य करण्यास मनाई आहे आणि वणव्याच्या दिवसांत जंगल अचानक बंद होऊ शकते.

हिवाळ्यासाठी याच खात्याने १९८३ पासून ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे राखली आहेत. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सात महिन्यांसाठी तेथील शुल्क अनेक वर्षे १८० डॉलर राहिले आहे. महिन्याला सव्वीस डॉलरही पडत नाहीत. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट हे गाव अशा मुक्कामाचे केंद्र आहे. काही हजार वस्तीच्या या गावाभोवती जानेवारीत गाड्यांचे नगरच उभे राहते. उन्हाळ्यात मात्र तेथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या घरात राहणे जिवावर बेतू शकते.

म्हणूनच अनुभवी भटके ऋतूंप्रमाणे उंची बदलतात. हिवाळा क्वार्ट्झसाइटच्या सखल वाळवंटात, उन्हाळा त्याच राज्यातील सुमारे सात हजार फूट उंचीवरच्या फ्लॅगस्टाफ परिसरात, असे स्थलांतर चारशे-साडेचारशे किलोमीटरचे होते. गाडी लिटरला साडेतीन किलोमीटर जात असेल आणि पेट्रोल गॅलनला साडेतीन डॉलर धरले, तरी एका फेरीचे इंधन सुमारे १२० डॉलरचे होते. हाच माणूस दर आठवड्याला नवे राज्य पाहू लागला, तर त्याचे निवृत्तिवेतन इंधनातच जळून जाईल.

६२ वर्षांवरील नागरिक व कायम रहिवाशांना राष्ट्रीय उद्यानांचा आजीव पास ८० डॉलरला मिळतो. २०१७ पर्यंत तो १० डॉलरला होता. या पासावर अनेक सरकारी तळांचे मुक्कामशुल्क निम्मे होते.

महिन्याचा ताळेबंद

उदाहरणादाखल, १,५०० डॉलर निवृत्तिवेतन आणि कर्ज नसलेली जुनी गाडी असलेल्या एकट्या व्यक्तीचा हिशेब असा मांडता येईल. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या ‘पार्ट बी’चा हप्ता (२०२५ साली) १८५, अन्न ३५०, इंधन २००, गाडीचा विमा व नोंदणी १२०, फोन व इंटरनेट ८०, गॅस, पाणी, मैलापाण्याची टाकी रिकामी करणे आणि कपडे धुणे मिळून ९०, वर्षभराचे मुक्कामशुल्क सरासरीने ७५, टपाल सेवा २०, औषधे व दात १००, दुरुस्तीची गंगाजळी २००. एकूण १,४२० डॉलर. उरतात ८०.

या यादीतील दुरुस्तीचे दोनशे डॉलर सर्वप्रथम बाजूला काढायचे असतात. ट्रान्समिशन गेले की हजारो डॉलरचे बिल समोर येते. घरमालकाला छताची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलता येते. चालू न होणारी गाडी मात्र चौदा दिवसांच्या मर्यादेनंतर तेथून हलवावीच लागते. बॉब वेल्स यांनी २००५ पासून चालवलेल्या संकेतस्थळावरूनही कमीत कमी पैशांत राहण्याचे आणि अडीअडचणीसाठी शिल्लक ठेवण्याचे धडे दिले जातात.

पूरक कमाई

वाढीव उत्पन्नासाठी अनेकजण हंगामी कामे धरतात. सरकारी तळांवर ‘कॅम्प होस्ट’ म्हणून काम केल्यास गाडी उभी करण्याची जागा व जोडणी फुकट मिळते, काही ठिकाणी वेतनही. शौचालये साफ करणे, शुल्क गोळा करणे, रात्री गोंगाट करणाऱ्यांना समजावणे असे हे काम असते. ऑक्टोबरच्या सुमारास मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटात साखरबीटाचा हंगाम येतो. बारा-बारा तासांच्या पाळ्या, थंडी आणि चिखल यांत काही आठवडे राबून काहीजण हिवाळ्याची बेगमी करतात. बिऱ्हाड घेऊन साखरेच्या हंगामाला जाणारी माणसे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. येथे फरक इतकाच की त्यांतील अनेकांचे वय पासष्टीच्या पुढे असते. ६७ पूर्वी निवृत्तिवेतन सुरू केलेल्यांनी आणखी एक नियम ध्यानात ठेवावा लागतो : २०२५ साली वार्षिक कमाई २३,४०० डॉलरच्या वर गेल्यास, वरच्या प्रत्येक दोन डॉलरमागे एक डॉलर निवृत्तिवेतनातून रोखला जात असे.

पत्ता आणि आजारपण

घर नसले तरी पत्ता लागतोच. वाहन परवाना, विमा, बँक, मतदान यांपैकी काहीही पत्त्यावाचून चालत नाही. त्यामुळे बरेचजण राज्याचा प्राप्तिकर नसलेल्या टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डाकोटा येथे टपाल सेवेमार्फत अधिकृत पत्ता घेतात. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथील ‘एस्केपीज’ ही १९७८ साली स्थापन झालेली संस्था अशी सेवा देते.

पत्त्याची निवड केवळ करावरून करणे महागात पडू शकते. वयाच्या ६५ व्या वर्षी मिळणारी मूळ मेडिकेअर योजना ती स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे देशभर चालते. खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजना हप्त्याला स्वस्त दिसतात. पण तातडीचे उपचार वगळता त्या सहसा ठरावीक भागातील डॉक्टरांपुरत्याच उपयोगी पडतात. भटक्यांची येथे हमखास फसगत होते. अत्यल्प उत्पन्न असलेल्यांचा ‘पार्ट बी’चा हप्ता राज्य सरकार भरू शकते, मात्र अटी राज्यागणिक बदलतात. मूळ मेडिकेअरमध्ये दातांचे नेहमीचे उपचार नाहीत. त्यामुळे युमाजवळची सीमा ओलांडून मेक्सिकोतील लॉस अल्गोदोनेस या दंतवैद्यांच्या गावी स्वस्तात दात करून घेणाऱ्या ज्येष्ठांची हिवाळ्यात रीघ लागते.

चाके थांबतात तेव्हा

या जीवनाचा सर्वांत अवघड प्रश्न पैशांचा नसून वयाचा आहे. नजर मंदावते, हात थरथरू लागतात, परवान्याचे नूतनीकरण होत नाही. आणि ज्याच्या भरवशावर भाडे वाचवले ते घर चालवणेच अशक्य होते. शहरात गाडी उभी करून दिवस काढणेही सोपे राहिलेले नाही. ओरेगॉनमधील ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये, सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्यांना दंड करण्याचा शहरांचा अधिकार मान्य केला. मेडिकेअर दीर्घकालीन शुश्रूषागृहाचा खर्च उचलत नाही. गरिबांसाठीची मेडिकेड योजना तो उचलते, पण तीही राज्याच्या नियमांप्रमाणे.

काही वाटा मात्र आहेत. एस्केपीज संस्थेच्या लिव्हिंग्स्टन येथील ‘केअर’ केंद्रात प्रवास थांबलेले वृद्ध आपापल्या गाडीतच राहतात आणि तेथे त्यांना जेवण, देखभाल व डॉक्टरांकडे नेण्याची सोय मिळते. काहीजण धडधाकट असतानाच स्वस्त जमिनीचा तुकडा घेऊन ठेवतात. सरकारी अनुदानित ज्येष्ठ निवासांची प्रतीक्षायादी अनेक ठिकाणी काही वर्षांची असते. तेव्हा नाव नोंदवायचे ते गरज पडल्यावर नव्हे, गाडीत राहायला निघतानाच.

अल्प उत्पन्नात चाकांवरचा संसार तगतो, याची साक्ष वाळवंटातली हजारो बिऱ्हाडे देतात. कर्ज नसलेली गाडी, ऋतूगणिक एकच मोठा प्रवास, दर महिन्याला बाजूला पडणारे दुरुस्तीचे पैसे आणि शेवटच्या मुक्कामाची आधीच केलेली सोय, हे त्याचे चार खांब आहेत. पहिले तीन बहुतेकांना जमतात. चौथा उभा करायचे राहून जाते, आणि ते ध्यानात येते तेव्हा गाडीची किल्ली हातात असूनही ती फिरवण्याचे बळ उरलेले नसते.