इस्तिखारा म्हणजे कौल नव्हे : नोकरी, निकाह आणि धंद्याचे निर्णय घेताना

भोसरी, आकुर्डी, तळवडे, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या घरांसमोर वर्षातून एखादा तरी असा निर्णय येतोच, ज्याचे उत्तर कोणत्याही किताबात थेट लिहिलेले नसते. म्हाळुंग्याच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर जायचे की भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमध्येच टिकून राहायचे? मोशीत भाड्याने राहात राहायचे की लातूर-बीडला गावी घर बांधायचे? मुलीला स्थळ आले आहे, मुलगा चांगला आहे, पण अजून परमनंट झालेला नाही. होकार द्यायचा का? अशा वेळी घरातले मोठे म्हणतात, "इस्तिखारा करून घे." ऐकणारा मान डोलावतो, पण नेमके काय करायचे आणि त्यानंतर काय होणार, हे बहुतेकांना नीट ठाऊक नसते. म्हणून ही माहिती आम्ही एका ठिकाणी देत आहोत.

इस्तिखारा हा शब्द 'खैर'पासून आला. "आता तुझी खैर नाही" असे मराठीत म्हणतो, त्यातलाच हा खैर. खैर म्हणजे भलाई, आणि इस्तिखारा म्हणजे अल्लाहकडे भलाई मागणे. सहीह बुखारीत हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची रिवायत आहे की, प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या साथीदारांना सर्व कामांसाठी इस्तिखारा शिकवत असत, आणि तोही कुरआनची सूरह शिकवावी तितक्या काळजीने. यात 'सर्व कामांसाठी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे इस्तिखारा फक्त लग्न जमवताना आठवतो. कंपनी बदलताना, गाडी घेताना, भावासोबत भागीदारीत धंदा टाकताना तो कोणाला आठवत नाही.

पद्धत सोपी आहे. वुजू करून फर्ज नमाजेशिवाय वेगळी दोन रकात नफ्ल नमाज पढायची आणि त्यानंतर इस्तिखाऱ्याची दुआ करायची. इमाम नववी यांनी पहिल्या रकातीत सूरह काफिरून आणि दुसऱ्या रकातीत सूरह इख्लास पढणे पसंत केले आहे, पण ते बंधनकारक नाही. दुआ तोंडपाठ नसेल तर सलाम फेरल्यावर कागदावरून किंवा मोबाइलवरून वाचली तरी चालते. अरबी येतच नसेल तर नमाज संपल्यावर तिचा अर्थ आपल्या भाषेत, मराठीत किंवा घरात बोलतो त्या हिंदी-उर्दूत, अल्लाहसमोर मांडता येतो. आपली मुले मराठी शाळेत शिकलेली आहेत, उर्दू सफाईने वाचणे अनेकांना जमत नाही. या संकोचापायी कोणी दुआच सोडून देऊ नये.

इस्तिखारा रात्रीच करायचा, त्यानंतर कोणाशी न बोलता उजव्या कुशीवर झोपायचे, असा समज घट्ट बसला आहे. हजरत जाबिर यांच्या रिवायतीत ना रात्रीची अट आहे, ना झोपण्याची. मकरूह वेळा तेवढ्या सोडायच्या : फज्रनंतर सूर्य उगवून थोडा वर येईपर्यंत, सूर्य डोक्यावर असताना आणि असरनंतर मगरिबपर्यंत. हनफी असोत की कोकणातून आलेली शाफई मसलकची घरे, या नमाजेसाठी या वेळा दोघेही टाळायलाच सांगतात. पाळीत काम करणाऱ्यांनी त्यानुसार वेळ शोधावी. दुसऱ्या पाळीवाला मध्यरात्रीनंतर घरी आल्यावर पढू शकतो. तिसऱ्या पाळीची बस सकाळी सोडते तेव्हा सूर्य बहुतेक वर आलेला असतो. झोपण्याआधीची ती दहा मिनिटे पुरेशी आहेत. पहिल्या पाळीवाल्याला मगरिबनंतरची पूर्ण संध्याकाळ मोकळी असते.

आता या दुआत मागितले काय जाते, ते बघू. सुरुवातीला बंदा कबूल करतो की, ज्ञान अल्लाहकडे आहे, कुदरत अल्लाहकडे आहे, मला माहीत नाही आणि माझ्या हातात काही नाही. मग तो आपले काम समोर ठेवतो. दुआत 'हे काम' अशा अर्थाचे शब्द दोनदा येतात, तिथे आपला विषय मनात आणायचा किंवा त्याचे नाव घ्यायचे. हे काम माझ्या दीनसाठी, माझ्या रोजीरोटीसाठी आणि शेवटच्या परिणामासाठी चांगले असेल तर ते माझ्या नशिबात कर, सोपे कर आणि त्यात बरकत दे. वाईट असेल तर ते माझ्यापासून दूर कर आणि मलाही त्यापासून दूर कर. जिथे कुठे भलाई असेल ती मला दे, आणि मग मला तिच्यावर राजी कर.

क्रम बघा. दीन आधी, पगार नंतर. आणि 'मलाही त्यापासून दूर कर' हे वेगळे मागायचे आहे, कारण नोकरी हातची गेली तरी मन वर्षभर तिथेच अडकून राहते, हा अनुभव कोणाला नाही? शेवटचे मागणे तर सर्वांत अवघड आहे. कंपनीत आपण 'रजा' म्हणतो ती सुट्टी, आणि दीनमध्ये 'रजा' म्हणजे खुशी, राजी असणे. मूळ शब्द एकच. बंदा अल्लाहच्या रजेत आपली रजा मिसळायला तयार आहे का, हे या दुआच्या अखेरीस समोर येते.

या दुआत स्वप्नाचा उल्लेख कुठेही नाही. हिरवा किंवा पांढरा रंग दिसला तर होकार, लाल किंवा काळा दिसला तर नकार, असले काही हदीसमध्ये शिकवलेले नाही. कोणाला चांगले स्वप्न पडले तर पडो, पण ते इस्तिखाऱ्याचे उत्तर म्हणून घराघरांत निकाल लावत फिरणे बरोबर नाही. आम्हाला इथे थोडे स्पष्ट बोलायला हवे, कारण यात मुलींचे नुकसान होते. बोलणी पक्की होतात, शेजारीपाजारी कळते, आणि मग "इस्तिखाऱ्यात खराब आले" एवढ्या एका वाक्यावर स्थळ मोडले जाते. मनात दुसरेच कारण असते, हुंड्याचे किंवा रंगाचे, आणि नाव मात्र अल्लाहचे घेतले जाते. नकार द्यायचा असेल तर द्यावा, तो हक्क आहे. पण तो आपल्या नावाने द्यावा.

इस्लामपूर्व अरबस्थानात प्रवास, लग्न, लढाई अशा कामांआधी बाण काढण्याची रीत होती. एका बाणाचा अर्थ 'कर', दुसऱ्याचा 'करू नको', तिसरा कोरा. कोरा निघाला की पुन्हा काढायचे. सूरह माइदाने ही रीत हराम ठरवली. उलमांनी लिहिले आहे की, त्या बाणांच्या जागी उम्मतला इस्तिखारा मिळाला. म्हणजे जी चीज कौल लावण्याच्या जागी आली, तिलाच आपण पुन्हा कौल करून टाकले. आईचे नाव आणि जन्मतारीख पाठवा, एका दिवसात इस्तिखारा काढून देतो, अशा जाहिराती मोबाइलवर येतात, आणि त्यासाठी पैसे मोजणारे लोकही आहेत. इस्तिखारा 'काढायचा' नसतो, करायचा असतो. ज्याचे काम आहे त्याने स्वतः करावा. आई-वडिलांनी आपल्या मुलासाठी दुआ करावी, इमाम साहेबांना पद्धत विचारावी, दुआची विनंती करावी, यात काही अडचण नाही. पण गैबची खबर कोणी दुकानावर विकत नसतो.

कोणत्या कामांसाठी इस्तिखारा नाही, हेही कळायला हवे. जिथे अल्लाहची मर्जी आधीच सांगितलेली आहे, तिथे विचारायचे काही उरत नाही. नमाज पढू की नको, बहिणीला वारशातला हिस्सा देऊ की नको, आई-वडिलांना सांभाळू की नको, यासाठी इस्तिखारा नसतो. व्याजाचे कर्ज घेऊ का, यासाठीही नाही. तो मसला मुफ्ती साहेबांकडे न्यायचा. इस्तिखारा दोन जायज रस्त्यांपैकी एक निवडताना आहे. रोजच्या पाच फर्ज नमाजांच्या 17 रकाती होतात, आणि प्रत्येक रकातीत सूरह फातिहाद्वारे आपण सरळ मार्ग मागतो. तो मोठा मार्ग ज्याने धरला नाही, त्याने फक्त कंपनी निवडण्यापुरते अल्लाहला विचारणे जरा विचित्रच दिसते.

इस्तिखाऱ्याची जोड मशवऱ्याशी आहे. कुरआनात मुसलमानांची कामे आपापसांतल्या सल्ल्याने चालतात असे सांगितले आहे आणि त्या सूरहचे नावच शूरा आहे. समजा, आयटीआय झालेल्या मुलाला चाकणमध्ये कॉन्ट्रॅक्टरमार्फत काम मिळते आहे. दोन रकात पढण्याबरोबर त्याने तिथे आधीपासून काम करणाऱ्या कोणाला तरी गाठावे. हातात नेमका पगार किती येतो? पीएफ कापला जातो का, आणि कापलेला खात्यात भरला जातो का? मासिक वेतन 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होते. ते कार्ड मिळते का? कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचे, आणि आधीच्या तुकडीतल्या मुलांचे पुढे काय झाले? जुम्याला सुट्टीच्या वेळेत थोडी सवलत मिळते का? ही चौकशी न करता नुसती दुआ करणे म्हणजे उंट मोकळा सोडून तवक्कुलचे नाव घेणे. प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितले आहे.

मशवरा कोणाशी, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे नोकरी बदलण्याचा सल्ला मित्र, मेहुणा, लाइनवरचा सुपरवायझर या सगळ्यांचा घेतला जातो, आणि बायकोला शेवटी कळवले जाते. हिजरी 6 मध्ये हुदैबियाच्या करारानंतर सहाबा इतके खिन्न होते की, कुर्बानी करण्याचा हुकूम ऐकूनही कोणी उठेना. तेव्हा प्रेषितांनी (स.) उम्मे सलमा (रजि.) यांच्याशी बोलून त्यांचा सल्ला मानला : कोणाशी काही न बोलता आपण स्वतः कुर्बानी करावी. ती झाली आणि लोक उठले. रात्रपाळी घ्यायची की नाही, याचा अर्धा भार जिच्यावर पडणार आहे, तिचे मत आधी घ्यायला नको का?

लग्नाच्या बाबतीत दोन प्रसंग आपल्या घरांनी लक्षात ठेवावेत. जैनब बिन्त जहश (रजि.) यांच्याकडे खुद्द प्रेषितांचा (स.) पैगाम आला, तेव्हा त्यांनी आधी आपल्या रबकडे विचारणा करते असे कळवले आणि त्या नमाजेला उभ्या राहिल्या, सहीह मुस्लिममध्ये ही नोंद आहे. म्हणजे इस्तिखारा मुलीने स्वतः करायचा आहे, फक्त तिच्या वडिलांनी किंवा मामाने नव्हे. मासिक पाळीमुळे नमाज पढता येत नसेल तर नुसती दुआ करता येते. दुसरा प्रसंग फातिमा बिन्त कैस (रजि.) यांचा. त्यांनी आलेल्या दोन पैगामांबद्दल प्रेषितांना (स.) विचारले. उत्तर आडपडद्याशिवाय मिळाले : एकाकडे माल नाही, दुसरा हात उचलणारा आहे, उसामाशी निकाह कर. स्थळाची माहिती विचारली गेली की, "आम्हाला काय माहीत, चांगले लोक आहेत" असे म्हणून आपण मोकळे होतो. मुलगा दारू पितो हे माहीत असूनही शेजारी गप्प राहतात आणि त्याला गीबत टाळणे म्हणतात. खरे सांगणे इथे अमानत आहे. आणि मुलगी 'नको' म्हणत असेल तर इस्तिखाऱ्याचे नाव घेऊन तिला राजी करता येत नाही, खन्सा बिन्त खिदाम (रजि.) यांचा मर्जीविरुद्ध लावलेला निकाह प्रेषितांनी (स.) रद्द केला होता.

धंद्याच्या निर्णयांत या पट्ट्यातल्या अनेक कुटुंबांवर गेल्या काळात मोठी वेळ आली. 2025 च्या फेब्रुवारीत कुदळवाडी-चिखली भागात महापालिकेने भंगाराची गोदामे आणि छोटी वर्कशॉप हजारोंच्या संख्येने पाडली. ज्यांचे शेड गेले, त्यांच्यापुढे प्रश्न होता : जागा बदलून पुन्हा उभे राहायचे, दुसऱ्याकडे नोकरी धरायची, की मूळ गावी परतायचे? अशा वेळी "अल्लाहची मर्जी" म्हणून हात बांधून बसणे आणि नुकसानीची कागदपत्रेही गोळा न करणे, हा सब्र नाही. कागद वकिलाला दाखवावेत, जाणत्या व्यापाऱ्यांशी बोलावे, नव्या जागेचा परवाना नीट तपासावा, आणि या सगळ्यासोबत इस्तिखारा करावा. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर होते, पुढे महामारी आहे असे कळले. मशवरा करून ते मागे फिरले. तकदीरपासून पळता का, असे विचारल्यावर त्यांचे म्हणणे होते की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत.

इस्तिखारा झाल्यावर काय? ज्या बाजूला मन स्थिरावेल, ते करावे, असे इमाम नववी यांनी म्हटले आहे. मात्र आधीपासून जी बाजू मनात धरून ठेवलेली आहे, तिच्या ओढीला उत्तर समजू नये. मन कुठेच कलले नाही तर चौकशीत जे बरे वाटले त्या दिशेने पाऊल टाकावे. खैर असेल तर रस्ता मोकळा होत जाईल, नसेल तर अडेल. इंटरव्ह्यूला बोलावणे आलेच नाही, घरमालकाने शेवटच्या क्षणी नकार दिला, मुलाकडच्यांचे बोलणे पुढे सरकले नाही, हीसुद्धा दुआतल्या 'दूर कर' या मागणीची कबुली असू शकते. मन अजून डळमळत असेल तर पुन्हा करता येतो. सात वेळा करण्याची एक रिवायत सांगितली जाते. हदीसच्या जाणकारांनी ती कमजोर ठरवली आहे, म्हणून सात हा आकडा पक्का धरू नये. हजरत उमर (रजि.) यांनी सुन्नत लिहून काढण्याच्या प्रश्नावर महिनाभर इस्तिखारा केल्याची नोंद आहे, आणि त्यानंतर त्यांनी तो विचार सोडून दिला. कंपनीने मात्र ऑफर लेटरवर सही करायला दोनच दिवस दिले असतील, तर त्या दोन दिवसांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा पढावे आणि तिसऱ्या दिवशी उत्तर देऊन टाकावे.