वृत्तपत्रातील ताळेबंद : सत्यम प्रकरण (२००९) आणि लेखाकर्मातील संकल्पनांचे अध्यापन

प्रस्तावना :
वाणिज्य शाखेत लेखाकर्म हा बहुधा आकडेमोडीचा विषय म्हणून शिकविला जातो. कीर्द लिहावी, खतावणी करावी, तेरीज जुळवावी आणि अंतिम खाती तयार करावीत, हा क्रम विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडतो. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की उदाहरण सुटले, अशी त्याची खात्री होते. जुळलेला ताळेबंद खराही असतो काय, हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकातील उदाहरणांतून उपस्थित होत नाही. कारण तेथील प्रत्येक आकडा दिलेला आणि म्हणून खरा मानलेला असतो. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबाद येथील सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या निमित्ताने हाच प्रश्न देशापुढे आला. प्रस्तुत लेखात त्या प्रकरणाचा आढावा घेऊन, व्यापारविषयक बातमी ही लेखाकर्माच्या अध्यापनाचे साधन कशी ठरते, याचा विचार केला आहे.

घटनाक्रम :
१९८७ मध्ये स्थापन झालेली सत्यम ही २००८ पर्यंत माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील देशातील आघाडीच्या कंपन्यांपैकी एक होती. सुमारे ५०,००० कर्मचाऱ्यांची उपजीविका तिच्यावर अवलंबून होती. १६ डिसेंबर २००८ रोजी संचालक मंडळाने अध्यक्षांच्या कुटुंबीयांशी संबंधित दोन मेटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा निर्णय जाहीर केला. भागधारकांच्या रोषामुळे तो काही तासांतच मागे घ्यावा लागला. त्यानंतर तीन आठवड्यांनी अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास पत्र लिहून हिशेब अनेक वर्षे फुगविण्यात आल्याची कबुली दिली. खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा अखेरचा प्रयत्न म्हणजे तो मेटास व्यवहार होता, असेही त्यांनी त्यात नमूद केले. त्याच दिवशी कंपनीच्या भागाची किंमत तीन चतुर्थांशांहून अधिक घसरली. हे पत्र वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले आणि लेखाकर्माच्या अभ्यासकास एक अपूर्व दस्तऐवज उपलब्ध झाला.

पत्रातील आकड्यांचे लेखाशास्त्रीय वाचन :
पत्रानुसार ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोकड व बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखविली होती. त्यांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. ३७६ कोटी रुपयांचे येणे व्याज काल्पनिक होते. २,६५१ कोटी रुपयांच्या ऋणकोंमध्ये ४९० कोटी रुपयांची वाढ खोटी होती. याउलट, १,२३० कोटी रुपयांचे देणे पुस्तकांत दाखविलेलेच नव्हते. मालमत्ता ५,९०६ कोटींनी जास्त आणि देणी १,२३० कोटींनी कमी दाखविल्यामुळे मालकांचा निधी एकूण ७,१३६ कोटी रुपयांनी फुगला होता. मालमत्ता, देणी व भांडवल यांचे समीकरण शिकविण्यास याहून बोलके उदाहरण सहसा सापडणार नाही.

द्विनोंदी पद्धतीचे मर्म सप्टेंबर २००८ च्या तिमाहीतील आकड्यांत अधिक स्पष्ट होते. त्या तिमाहीचे उत्पन्न २,७०० कोटी रुपये जाहीर झाले होते. पत्रानुसार ते प्रत्यक्षात २,११२ कोटी होते. कार्यचालन नफा ६४९ कोटी, म्हणजे उत्पन्नाच्या २४ टक्के, सांगितला गेला. प्रत्यक्षात तो ६१ कोटी, म्हणजे केवळ ३ टक्के होता. दोन्ही ठिकाणी फरक ५८८ कोटींचाच येतो आणि बँक शिल्लकही नेमकी तेवढ्याच रकमेने कृत्रिमरीत्या वाढली. खोट्या उत्पन्नास खर्च नसतो. त्यामुळे ते संपूर्णपणे नफ्यात उतरते. जमेच्या खोट्या नोंदीस नावेची जोडीदार नोंदही खोटीच लागते. ती ऋणकोंच्या खात्यात साचू दिली असती, तर वसुली का होत नाही, असा प्रश्न निघाला असता. म्हणून ती वसूल झाल्याचे दाखवून बँक खात्यात नेणे सोयीचे होते. बँकेत रक्कम दाखविली की व्याजही दाखविणे आले. एका असत्यास टेकू देण्यासाठी दुसरे असत्य लागते, याचे हे हिशेबी रूप होय. तरीही तेरीज जुळतच राहिली.

पुराव्याचा प्रश्न :
रोकड ही सर्वांत निश्चित मालमत्ता, असे पाठ्यपुस्तक सांगते. या प्रकरणात तीच सर्वाधिक खोटी निघाली. तपासात बनावट बीजके व बँकेची बनावट कागदपत्रे उघडकीस आली. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने एप्रिल २०११ मध्ये प्राइस वॉटरहाऊसच्या भारतातील पाच संलग्न संस्थांवर कारवाई केली. शिलकेची खातरजमा करणाऱ्या पत्रांची ने-आण लेखापरीक्षकांनी स्वतःच्या नियंत्रणात न ठेवता कंपनीच्या व्यवस्थापनावर सोपविली, असा ठपका आयोगाने ठेवला. बँक जुळवणी पत्रक ही केवळ पाच-सहा गुणांच्या प्रश्नाची बाब नसून, ज्याची तपासणी करावयाची त्याच्याच हातून पुरावा न स्वीकारण्याची ती शिस्त आहे, हे विद्यार्थ्यास येथे उमगते.

बातमी वाचताना घ्यावयाची दक्षता :
बातमी हेही एक प्रमाणकच असून त्याचीही तपासणी आवश्यक ठरते. आजी-माजी संचालकांपैकी कोणासही या प्रकाराची कल्पना नव्हती, असे पत्रात म्हटले होते. हैदराबाद येथील विशेष न्यायालयाने ९ एप्रिल २०१५ रोजी मात्र राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरविले. त्यांत व्यवस्थापकीय संचालक असलेले त्यांचे बंधू आणि दोन माजी लेखापरीक्षकही होते. पुढील महिन्यात अपिलाच्या टप्प्यावर या शिक्षा स्थगित झाल्या. कबुली, आरोप, निकाल आणि अपील यांतील भेद विद्यार्थ्यास शिकविला नाही, तर बातमीचे अध्यापन अफवेच्या पातळीवर उतरण्याचा धोका संभवतो.

समारोप :
केंद्र शासनाने नवे संचालक मंडळ नेमले, एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने कंपनी घेतली आणि २०१३ मध्ये तिचे विलीनीकरण पूर्ण झाले. कंपनी कायदा २०१३ ने ठरावीक कंपन्यांना लेखापरीक्षक आळीपाळीने बदलण्याचे बंधन घातले. १ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण अस्तित्वात आले. कायद्याने आपला धडा घेतला. वर्गाने तो घ्यावयाचा असेल, तर नेहमीच्या उदाहरणासोबत अशा पत्राचे कात्रण द्यावे, त्यातील आकड्यांच्या नोंदी करून घ्याव्यात आणि प्रत्येक नोंदीपुढे 'याचा पुरावा कोणाकडे?' हा रकाना ठेवावा. उद्याचे लेखापाल आणि लेखापरीक्षक याच वर्गांतून बाहेर पडतात. ताळेबंद जुळविणे हे कौशल्य आहे. जुळलेल्या ताळेबंदावर प्रश्न विचारणे हे शिक्षण आहे.