ठाण्यातल्या शनिवार तेल्यांच्या बायका

टेंभी नाका म्हटलं की आपल्याला नवरात्रातली देवी आठवते. त्याच भागात ज्यूंचं सिनेगॉग आहे, १८७९ सालचं. नाव 'शआर हाशामाईम', म्हणजे स्वर्गाचं दार. मीही कित्येक वर्षं समोरून नुसती गाडी काढत होतो.

हे बेने इस्रायली लोक मराठी बोलणारे, आपलेच. त्यांची परंपरा सांगते, अलिबागजवळ नौगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, धर्मग्रंथ बुडाले. पुढे कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणायचे 'शनिवार तेली'.

ग्रंथ नाहीत, धर्मगुरू नाहीत. मग शेकडो वर्षं धर्म टिकला कुठे? माझ्या मते, चुलीपाशी. सणांची जुनी नावंच बघा. खिरीचा सण. बिरड्याचा सण, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याचा शोक. वालाचं बिरडं खाऊन पाळलेला. वल्हांडणाला ज्यू घरात आंबवलेलं काही ठेवत नाहीत. इथे त्याचं नाव 'अनाशी ढाकाचा सण', आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचा दिवस. नवस फेडायला आजही मलिदा होतो: पोहे, नारळ, साखर, फळं आणि एलियाहू हन्नाबीचं नाव.

एक आख्यायिका तर फारच बोलकी आहे. दाविद रहाबी नावाचा पाहुणा आला. हे खरंच ज्यू का, म्हणून त्याने बायकांपुढे मासे ठेवले. बायकांनी खवले नि पर असलेले मासे शिजवायला घेतले, बाकीचे बाजूला काढले. झाली ओळख पक्की!

परीक्षा बायकांची झाली, पास बायका झाल्या. पण सामूहिक प्रार्थनेला परंपरेने दहा पुरुष लागतात. त्या दहात बाई मोजत नाहीत. (जगातले सुधारणावादी ज्यू मात्र मोजतात.)

१९४८ नंतर बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. तिथेही त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली गेली, आंदोलनं करावी लागली, १९६४ साली मान्यता मिळाली. इथे राज्य सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. कागद झाले. पण कागदावर न आलेलं बरंच काही आज्यांच्या डोक्यात आहे.

आपल्याकडे तरी वेगळं काय? हरतालिका, वटपौर्णिमा कोण सांभाळतं आणि इतिहासात नाव कोणाचं येतं?

ठाणे-कल्याण पट्ट्यात तुमच्या शेजारी एखादी बेने इस्रायली आजी असेल, तर जा, बसा, सणांची नावं नि पदार्थ लिहून घ्या. उशीर करू नका.