थकवा घालवणारा डोंगर, थकवा लपवणारी गोळी

१/७
महाबळेश्वरचे गिरिस्थान थकल्याभागल्या माणसांसाठी वसले. १८२४ साली लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी येथील कड्यावर चढला. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने आजारातून उठणाऱ्या गोऱ्या शिपायांसाठी येथे रुग्णालय उभारले.

२/७
१८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार होऊन हा डोंगरमाथा कंपनीकडे आला आणि माल्कमपेठ वसली. उपचार साधा होता: सुमारे साडेचार हजार फुटांवरील थंड हवा, आहार आणि झोप. त्याला वेळ लागे.

३/७
पुढच्या शतकातील युद्धांना तेवढी सवड नव्हती. १९३८ मध्ये बर्लिनच्या टेम्लर कंपनीने ‘पेर्विटिन’ ही मेथॅम्फेटामिनची गोळी बाजारात आणली. १९४० च्या एप्रिल ते जुलै या काळात जर्मन सैन्यासाठी अशा सुमारे साडेतीन कोटी गोळ्या मागवल्या गेल्या. पुढे नोबेल मिळवणारा लेखक हाइनरिख ब्योल तेव्हा साधा शिपाई होता. घरी धाडलेल्या पत्रांतून तो पेर्विटिन मागत असे.

४/७
या गोळीने शक्ती वाढत नसे. मेंदूतील डोपामिन व नॉरॲड्रेनॅलिन यांचे प्रमाण वाढून थकव्याची जाणीव तेवढी दबे. झोपेचे कर्ज साचतच राही. नाडी व रक्तदाब चढे, अंमल ओसरताच ग्लानी येई आणि हात पुन्हा गोळीकडे जाई. १९४१ मध्ये जर्मनीनेच तिला अफूविषयक कायद्याखाली आणले.

५/७
जपानमध्ये हेच द्रव्य ‘हिरोपोन’ नावाने विकले जाई. युद्ध संपले, उरलेला साठा बाजारात आला आणि व्यसनाची लाट उसळली. १९५१ साली तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला.

६/७
१९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील लिआंद्रो पानित्सॉन याने मिथाइलफेनिडेट तयार केले. पत्नी मार्गरिट हिच्या ‘रिटा’ या लाडक्या नावावरून ते ‘रिटालिन’ झाले. एडीएचडी असलेल्या रुग्णांना, वैद्यकीय देखरेखीखाली, ते खरोखर उपयोगी पडते. भारतात ते १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत येते.

७/७
परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राकडून घेतलेली तीच गोळी मात्र औषध राहत नाही. तिचे प्रमाण कोणी ठरवलेले नसते, हृदय कोणी तपासलेले नसते. शिवाय वाचलेले स्मरणात पक्के होते ते झोपेत. म्हणजे ज्यासाठी जागरण, त्याचाच घात. दोनशे वर्षांपूर्वी आजारी शिपायाला डोंगरावर विसावा मिळाला. पुढे धडधाकट शिपायाच्या हाती गोळी आली. थकव्याचे उत्तर कोणाला मिळाले, हे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.