पानाच्या तळाशी मालकाचं नाव

मागच्या वर्षी मी एक वाक्य लिहिलं आणि त्यामुळे एका आजोबांचं इंटरनेट बंद झालं. वाक्य होतं : 'ग्राहकाची बिलिंग माहिती आणतं.'

ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा एआय एजंट आम्ही बसवत होतो. एजंट बिलांच्या डेटाबेसला थेट हात लावत नाही. त्यासाठी आपण त्याला टूल्स लिहून देतो आणि प्रत्येक टूलला एक वर्णन जोडतो. आतला कोड त्याला दिसत नाही. दिसतं ते फक्त नाव, वर्णन आणि टूलला काय काय पुरवायचं त्याची यादी. आजोबांनी ग्राहक क्रमांक टाइप करताना सुरुवातीचं शून्य गाळलं. टूलने रिकामी यादी परत केली. एजंटने अदबीने कळवलं, 'तुमचं कोणतंही बिल थकलेलं नाही.' आठ दिवसांनी कनेक्शन बंद.

रिकामी यादी म्हणजे थकबाकी नाही, की असा ग्राहकच नाही? आमच्या टूलपुरतं उत्तर 'दोन्ही' असं होतं. टीममध्ये सगळ्यांना ते माहीत होतं, लिहिलं कुणीच नव्हतं.

त्या आठवड्यात चिडचिडीतून मी जुनी मॅन्युअल्स वाचायला लागलो. सुरुवात केली युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलपासून. तारीख ३ नोव्हेंबर १९७१, लेखक केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची, स्थळ अमेरिकेतली बेल लॅब्ज. टर्मिनलवर 'मॅन' टाइप केल्यावर आजही जे पान उघडतं, त्याचा साचा तिथलाच आहे. आधी नाव, मग वापरायची पद्धत, मग वर्णन. आणि खाली एक मथळा : 'बग्ज'. म्हणजे हा प्रोग्रॅम कुठे चुकतो आणि त्याला काय जमत नाही, ते बनवणाऱ्यानेच लिहून ठेवायचं. आपल्याच डाळीच्या पाकिटावर 'यात खडे निघतात' असं छापणारा दुकानदार तुम्ही पाहिलाय का? मी नाही.

त्या विभागाचे प्रमुख डग मॅकिलरॉय. मॅन्युअलचा आग्रह त्यांचा. नवी आवृत्ती निघायची वेळ आली की एकदम धावपळ व्हायची, असं त्यांनी पुढे सांगितलंय. प्रोग्रॅमचं एखादं विचित्र वागणं कागदावर उतरवताना लिहिणाऱ्यालाच लाज वाटायची, आणि मग तो वर्णनाऐवजी प्रोग्रॅमच दुरुस्त करायचा.

पण माझी नजर अडकली ती 'ओनर' या मथळ्यावर. पहिल्या आवृत्तीत पानाच्या तळाशी प्रोग्रॅमचा मालक लिहिलेला असे : 'केन', 'डीएमआर'. अडलं तर यांना विचारा. युनिक्सचे सुरुवातीचे वापरकर्ते होते बेल लॅब्जच्याच पेटंट विभागातले टायपिस्ट. त्यांना वर्णन कळलं नाही, तरी विचारायला माणूस होता. पुढे तो मथळा गळला आणि युनिक्स जगभर गेलं.

नंतरची चाळीसेक वर्षं भरभर उरकतो. २०००मध्ये वेब सर्व्हिसेससाठी डब्ल्यूएसडीएल आलं, २०११मध्ये स्वॅगर. दोन्हींत वर्णनाला जागा होती, सक्ती नव्हती. आम्ही इंजिनीअर लोकांनी ती जागा बहुधा रिकामी सोडली किंवा फंक्शनचं नावच तिथे पुन्हा लिहिलं. खपूनही गेलं, कारण वाचणारा माणूस होता. शंका आली की तो फोन करायचा.

जून २०२३मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग आणलं. कोणतं टूल कधी वापरायचं हे आता मॉडेल ठरवू लागलं, आणि त्यासाठी त्याच्या हातात होती तीच दुर्लक्षित जागा. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रोपिकने एमसीपी जाहीर केलं, म्हणजे एकाने लिहिलेलं टूल कुणाच्याही एजंटला जोडता यावं अशी सोय. वाचणारा आणखी लांब गेला. एजंटला 'केन'च्या टेबलापाशी जाता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे, जावंसं वाटेलच असंही नाही. माणूस रिकामी यादी बघून भुवया उंचावतो. एजंट मात्र अंदाज बांधून सफाईदार वाक्य लिहून मोकळा होतो.

मी वर्णन नव्याने लिहायला बसलो. 'मार्चचं बिल' म्हणजे मार्चमध्ये निघालेलं, की मार्चच्या वापराचं? आमच्याकडे फेब्रुवारीच्या वापराचं बिल मार्चमध्ये निघतं, आणि टूल शोधतं बिल निघालेल्या तारखेवरून. लिहिलं. रक्कम पैशांत येते, म्हणून ४९९०० म्हणजे ४९९ रुपये. लिहिलं. ग्राहक क्रमांक बारा अंकी, सुरुवातीची शून्यं गाळायची नाहीत. एका वेळी शेवटची बाराच बिलं मिळतात, जुनी हवी असतील तर दुसरं टूल. हे टूल फक्त वाचतं, पैसे भरून घेत नाही.

मग लिहिलं : 'ग्राहक सापडला नाही तरी रिकामी यादी येते आणि थकबाकी नसली तरीही रिकामी यादीच येते.' वाक्य वाचलं आणि कानकोंडं झालो. मॅकिलरॉयच्या लोकांनी केलं तेच केलं. ते वाक्य खोडलं आणि कोड बदलला. आता क्रमांक चुकला तर टूल स्पष्ट सांगतं, 'असा ग्राहक नाही.' बदल अकरा ओळींचा होता.

आजोबांचं कनेक्शन दुसऱ्या दिवशी जोडून दिलं, दंडही माफ झाला. वर्णनाच्या शेवटी आता लिहिलंय : क्रमांक सापडला नाही तर अंदाज करू नको, ग्राहकाला पुन्हा विचार. दुसऱ्यांदाही सापडला नाही, तर माणसाकडे सोपव. तो कॉल सध्या माझ्याच टेबलावर येतो.